जांभ्या दगडाच्या मोठ्या घरात सगळीकडे वायफाय पोचवण्यासाठी काय करावे?

प्रश्न : चिरेबंदी

नमस्कार.

राजापूर तालुक्यातील आमच्या घरात वायफाय सर्व खोल्यांत नीट पोचत नाही, त्यासंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे. घर कौलारू असून भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या आहेत. समोर पडवी, मग ओटी, त्यामागे माजघर, माजघराच्या एका अंगाला देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर अशी जुनी रचना आहे. माजघरावर लाकडी तक्तपोशीची माडी आहे. स्वयंपाकघराला लागून वडिलांनी नंतर स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. पुढच्या पडवीपासून या मागच्या खोल्यांच्या टोकापर्यंत साधारण ८० फूट अंतर भरते. याशिवाय खळ्याच्या पलीकडे, घरापासून सुमारे ५० मीटरवर, पूर्वीच्या मांगराच्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत.

फायबरची जोडणी १०० एमबीपीएसची आहे. तार ज्या खिडकीतून आत आली त्याच खिडकीजवळ, म्हणजे ओटीच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात, केबलवाल्याने ओएनटी, म्हणजे फायबरमधून इंटरनेट घेऊन घरात वायफाय देणारा डबा, लावून दिला. ओटीवर आणि पडवीत वेग पूर्ण मिळतो. माजघराचे दार उघडे असेल तर तिथेही काम चालते, दार लोटले की व्हिडिओ अडखळू लागतो. स्वयंपाकघरात मोबाइलवर एखादीच काडी दिसते, आणि स्लॅबच्या खोल्यांत तर वायफायचे नावही यादीत येत नाही. पुतणीची अभ्यासाची जागा नेमकी तिथेच आहे. आंब्याच्या हंगामात मीही मुंबईहून येऊन गावातूनच कार्यालयाचे काम करतो, आणि ओटीवर पेट्या भरण्याची गडबड असल्यामुळे मलाही मागचीच खोली सोयीची पडते.

तालुक्याच्या गावातून आणलेला रिपीटर (वायफायचा संकेत घेऊन पुढे पाठवणारा नग) माजघरात लावून पाहिला. मोबाइलवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, परंतु पाने उघडत नाहीत आणि व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू जातो. दुकानदार आता तीन नगांचा मेश संच, म्हणजे आपापसांत जोडले जाऊन एकच जाळे करणारी वायफायची उपकरणे, घेण्यास सांगत आहे. त्यावर पैसे घालण्यापूर्वी विचारतो, की अशा भिंतींमधून मेश चालेल का? विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टर मिळतात, त्यांचा उपयोग होईल का? आणि खळ्यापलीकडच्या खोल्यांसाठी वेगळी जोडणी घ्यावी, की आहे तीच तिथवर नेता येईल?

दोन अडचणी आधीच सांगतो. चिऱ्याच्या भिंतींना भोके पाडायला वडील तयार नाहीत, आणि पावसाळ्यात वीज वारंवार जाते.

उत्तर : जोडणीकार

नमस्कार. काहीही विकत घेण्यापूर्वी आपण दोन मोजण्या कराव्यात, असे सुचवतो.

पहिली पिंगची, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहण्याची. लॅपटॉप माजघरात ठेवून ओएनटीच्या पत्त्यावर, जो बहुधा १९२.१६८.१.१ असेल, सलग पिंग चालू ठेवावे. ओटीवर प्रत्येक उत्तर काही मिलिसेकंदांत येईल. माजघरात तोच आकडा मधूनच शेकड्यांत उडी घेऊ लागला किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशी ओळ दिसू लागली, तर दोष घरातल्या घरातच आहे आणि केबलवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असे निश्चित समजावे. वेग मोजणाऱ्या संकेतस्थळांवरून हा फरक कळत नाही, कारण ती घरातला टप्पा आणि बाहेरचा टप्पा एकत्रच मोजतात.

दुसरी मोजणी संकेताच्या तीव्रतेची. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझरसारखे कोणतेही ॲप घेऊन खोलीखोलीत उभे राहून डीबीएम या संकेताच्या शक्तीच्या एककातील आकडा टिपून घ्यावा. हा आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल बिनधोक चालतो, उणे ७५ च्या पुढे रडतखडत, आणि उणे ८५ ला जोडणी नावापुरतीच उरते. यात दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते आणि १० डीबीला एक दशांश, त्यामुळे उणे ६५ आणि उणे ७५ हे आकडे जवळचे वाटले तरी त्यांच्यात दहापटीचा फरक असतो. मोजताना दारे बंद ठेवावीत, कारण रात्री ती बंदच असणार.

आता भिंतींविषयी. जांभ्यात लोह असते म्हणून तो वायफाय अडवतो, असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते लोह ऑक्साइडच्या रूपात दगडात मिसळलेले असते, ते पत्र्यासारखे वागत नाही. खरी अडचण जाडीची आणि ओलीची आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा संकेत जास्त शोषते. म्हणून मे महिन्यात कसाबसा चालणारा कोपरा जुलैत बंद पडला तर नवल वाटू नये. त्यातून आपला ओएनटी कोपऱ्यात असल्यामुळे संकेत भिंती तिरक्या ओलांडतो. दीड फुटांची भिंत ६० अंशांच्या तिरकस वाटेने पार करायची तर तिची जाडी तीन फुटांइतकी पडते. अशा दोन भिंती ओलांडल्यानंतर स्वयंपाकघरात एक काडी उरते हेच पुष्कळ झाले, आणि पुढे स्लॅबच्या खोल्यांभोवती लोखंडी सळ्यांचा सांगाडा आहेच.

रिपीटरचे कोडेही यातूनच सुटते. मोबाइलवरच्या काड्या मोबाइल आणि रिपीटर यांच्यातील संकेत दाखवतात. रिपीटरला स्वतःला ओएनटीकडून काय मिळते, ते त्या काड्या सांगत नाहीत. आपल्या माजघरात त्याला अशक्तच संकेत मिळतो आणि तोच तो मोठ्या आवाजात पुढे सांगतो. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर घेणे आणि देणे अशी दोन्ही कामे करतो, त्यामुळे उरलेल्या वेगाचाही निम्मा भाग तिथे जातो.

जास्त शक्तीचा किंवा सहा अँटेनांचा राउटर घेण्याचा मोहही टाळावा. राउटर कितीही जोरात बोलला तरी मोबाइलला उत्तर त्याच्या स्वतःच्या, कितीतरी कमी शक्तीच्या रेडिओने द्यावे लागते. आपला आवाज कॉलमध्ये तुटक जातो त्याचे मूळ बहुधा याच दिशेच्या वाहतुकीत असेल.

माझे मत स्पष्ट आहे. दीड फुटांच्या भिंतीतून रेडिओ पाठवायचाच नाही. भिंत तारेने ओलांडायची आणि रेडिओला एकाच खोलीचे, फार तर दोन खोल्यांचे काम द्यायचे. ओएनटीच्या लॅन पोर्टातून (घरातल्या तारेसाठीच्या खोबणीतून) कॅट ६ प्रकारची नेटवर्कची तार काढून माजघरावर एक ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेले इंटरनेट वायफायने देणारा नग) आणि स्लॅबच्या खोल्यांत दुसरा, एवढ्यावर आपले मुख्य घर पुरे होईल. या तारेची मर्यादा १०० मीटर आहे आणि आपले अंतर वळणे धरूनही त्याच्या निम्म्याच्या आत राहील.

वडिलांची हरकत मोडावी लागेल असे वाटत नाही. कौलारू घरांत आतल्या बऱ्याच भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत. तुळईच्या पातळीला त्या थांबतात आणि वर माळा सलग मोकळा असतो. तार ओटीच्या कोपऱ्यातून वर चढवून वाशांच्या कडेने माळ्यावरून नेली, तर एकाही चिऱ्याला हात लावावा लागणार नाही. मात्र ती पीव्हीसी नळीत घालावी, नाहीतर उंदीर पहिल्याच पावसाळ्यात तिचा निकाल लावतील.

पॉवरलाइन ॲडॅप्टरच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असावे लागतात, वायरिंगचे सांधे चांगले असावे लागतात, आणि जुन्या घरात यांपैकी कशाचीही खात्री नसते. ते चालले तरी फ्रिज किंवा पंप सुरू झाला की वेग घसरतो.

उत्तर : सहकारनगर

वरील उत्तरातील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, पण मेशला इतक्या सहज बाद करू नये, असे मला वाटते. पुण्यात आमचे घर दोन मजली बंगला आहे, भिंती विटांच्या नऊ इंची आहेत, आणि तीन नगांचा मेश संच तार न ओढता व्यवस्थित चालतो. वरच्या मजल्यावरील गच्चीलगतच्या खोलीतही कॉल तुटत नाही. घरातील ज्येष्ठांना जाळ्याचे नाव बदलावे लागत नाही, एखादा नग बंद पडला तर ॲपवर कळते, आणि मुलांच्या उपकरणांची वेळही तिथूनच ठरवता येते. हे सगळे सुटे ॲक्सेस पॉइंट आणून जुळवायचे म्हटले तर घरात कोणीतरी माहीतगार असावा लागतो. चिरेबंदी वर्षातील बराच काळ मुंबईत असतात, तेव्हा गावी ज्येष्ठांना काय सांभाळता येईल याचाही विचार व्हावा.

अर्थात, नग कुठे ठेवता यावर सगळे अवलंबून आहे. जिथे संकेत मिळत नाही त्या खोलीत नग ठेवला तर त्यालाही संकेत मिळत नाही. तो चांगल्या आणि वाईट जागेच्या मधल्या टप्प्यावर ठेवावा लागतो. दीड फुटांच्या जांभ्याचा मला अनुभव नाही, हे मान्य. तरी आजच्या बहुतेक मेश नगांना मागे लॅन पोर्ट असतात, आणि ते तारेने एकमेकांना जोडले की त्यांच्यातील वाहतूक हवेतून न जाता तारेतूनच जाते. म्हणजे जोडणीकार म्हणतात ती तार आणि मी म्हणतो तो मेश हे भांडणारे पक्ष नव्हेत. संच घेताना प्रत्येक नगाला गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) पोर्ट आहे ना, हे तेवढे पाहून घ्यावे. स्वस्त संचांत ते १०० एमबीपीएसचेच असते. आज आपली जोडणी तेवढ्याच वेगाची आहे, पण ती उद्याही तेवढीच राहील असे नाही.

एक सूचना मात्र पैसे वाचवणारी आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे मेश नग एकत्र चालतील असे गृहीत धरू नये. त्यासाठी ईझीमेश नावाचे सामाईक मानक आहे, पण खोक्यावर ते नाव असले तरी दोन कंपन्यांचे नग बिनतक्रार नांदतीलच असे नाही.

उत्तर : वीजतंत्री

मी खळ्यापलीकडच्या खोल्यांपुरतेच लिहितो, कारण तिथे चुकीचा मार्ग निवडला तर वायफायबरोबर बाकीची उपकरणेही जातात.

५० मीटर हे अंतर कॅट ६ च्या मर्यादेत बसते, म्हणून पुष्कळ जण तीच तार झाडांवरून किंवा गडग्याच्या कडेने नेतात. कोकणात हे करू नये. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा किती होतात ते सांगायला नको. वीज घरावरच पडावी लागते असे नाही. आसपास कुठेही पडली तरी बाहेरून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो आणि तो दोन्ही टोकांच्या उपकरणांत शिरतो. ओएनटीचे लॅन पोर्ट जळते ते बहुधा असेच. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असेल तर त्यांच्या पातळीतील फरकही त्याच तारेतून वाट काढतो.

इथे फायबर टाकावा. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे वरील दोन्ही प्रश्न मुळातच उरत नाहीत. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर लागतो. एका बाजूने लॅनची तार आत जाते, दुसऱ्या बाजूने फायबर बाहेर पडतो. एकाच तंतूवर चालणारी जोडी घेतली तर एक नग १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा त्याच्या उलट. म्हणून ए आणि बी अशी जोडी मागून घ्यावी, दोन ए आणले तर दिवा लागणारच नाही. दोन्ही नगांचा वेग आणि खोबणीचा प्रकारही सारखा असावा. फायबर सिंगल मोडचा घ्यावा, म्हणजे केबलवाल्याचा माणूस त्याच्या नेहमीच्या यंत्रावर सांधा मारून देऊ शकतो. ५० मीटरसाठी दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली तयार तारही मिळते, मग सांध्याचीही गरज नाही.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. घरोघरी येणाऱ्या काळ्या चपट्या फायबर तारेत ताण सहन करण्यासाठी बहुधा पोलादी तार असते. ती तशीच घरात ओढून ओएनटीपर्यंत आणली, तर फायबर वापरून जे टाळायचे होते तेच पुन्हा घरात आले. खांबाच्या बाजूची जाड पोलादी तार भिंतीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडावी. तारेच्या आतल्या बारीक काड्या पोलादी न घेता धातुविरहित असलेला प्रकार मागून घेता आला तर अधिक चांगले. आत येताना तारेला खालच्या बाजूस एक झोळ ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळून घरात न येता झोळाशीच गळून पडेल. वळण मात्र घट्ट नको. फायबर पेन्सिलीएवढ्या गोलाईत वाकवला तर प्रकाश गळतो, आणि जोडणी चालूबंद होत राहते पण कारण दिसत नाही.

फायबर ओढणे शक्यच नसेल तर समोरासमोर लावायचे बिनतारी पूल मिळतात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून आपल्याकडे घराबाहेरही परवान्याविना वापरता येतो, तेव्हा कायद्याची अडचण नाही. मध्ये झाड नसावे, ही अट मात्र कडक आहे. ओल्या पानांनी भरलेले आंब्याचे कलम मध्ये आले की पावसाळ्यात हा पूल बसतो. आपले खळे मोकळे असेल तर हा पर्याय वाईट नाही, तरी माझी पसंती फायबरलाच राहील.

वीज जाण्याविषयी. ओएनटी, छोटा स्विच (एका लॅन पोर्टाची अनेक पोर्टे करणारा डबा), कन्व्हर्टर ही सगळी मंडळी फार थोडी वीज खातात. ओएनटीच्या ॲडॅप्टरवर बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ ॲम्पिअर असे लिहिलेले असते. राउटरसाठीचा लहान यूपीएस घेताना व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, ॲम्पिअर लिहिल्यापेक्षा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कन्व्हर्टर अनेकदा ५ व्होल्टवर चालतो, त्याला चुकून १२ चा यूपीएस लावू नये. वीज गेल्यावर ओएनटी चालू राहिला तरी इंटरनेट राहीलच असे नाही, कारण केबलवाल्याकडील यंत्रणेलाही वीज लागते. ती किती वेळ तग धरते हे त्याला आधी विचारून घ्यावे.

चिरेबंदी

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे दारे लावून मोजणी केली. ओटीवर उणे ४२, माजघरात उणे ७१, स्वयंपाकघरात उणे ८४, माडीवर उणे ६६. स्लॅबच्या खोल्यांत आकडाच मिळत नाही. पिंगचे निदानही खरे ठरले. ओटीवर आकडा हलत नाही, माजघरात तो ४ वरून ३८० वर जातो आणि मध्येच उत्तर येणे थांबते.

माळ्यावर चढून पाहिले. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत खरोखरच तुळईशी थांबते, वर हात जाईल एवढी मोकळी जागा आहे. माजघराकडून स्वयंपाकघराकडेही तसेच आहे. स्वयंपाकघर आणि स्लॅबची खोली यांच्यामधल्या भिंतीत धूर जाण्यासाठी ठेवलेला झरोका आहे, त्यातून तार नेता येईल. त्यामुळे वडिलांची हरकत उरलेली नाही, उलट नळ्या कुठून न्यायच्या हे तेच दाखवत आहेत.

खळ्यापलीकडे फायबरच न्यायचे ठरवले आहे. आता शंका मांडणीच्या. घरात एक जुना राउटर पडून आहे, तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येईल का? सगळीकडे जाळ्याचे नाव एकच ठेवावे की वेगवेगळे? आणि पर्यटकांना दिलेल्या जोडणीवरून त्यांना आमच्या घरातील उपकरणे दिसू नयेत, यासाठी काय करावे?

उत्तर : जोडणीकार

माडीवरचा आकडा माजघरापेक्षा चांगला आहे, हे आपल्या घराचे मर्म आहे. संकेत लाकडी तक्तपोशीतून जितक्या सहज जातो तितका चिऱ्यातून जात नाही. म्हणून मधला ॲक्सेस पॉइंट माजघराच्या भिंतीवर न लावता माजघराच्या छताला, तक्तपोशीच्या खालच्या अंगाला, तोंड खाली करून लावावा. माजघर त्याच्या थेट नजरेत राहील आणि माडीला तो लाकडातून पोचेल. बाळंतिणीच्या खोलीला दारातून काही मिळेल, काही भिंतीवरून. कौलांच्या लगेच खाली तो ठेवू नये. तिथे उन्हाळ्यात फार तापते आणि पावसाळ्यात एखादे कौल सरकले की पाणी थेट त्याच्यावर येते.

छताला टांगलेल्या नगाजवळ सॉकेट नसेल तर तारेतूनच वीज देणारे पीओई प्रकारचे ॲक्सेस पॉइंट घ्यावेत. त्यातील जुन्या मानकात पाठवणारे टोक १५.४ वॉटपर्यंत वीज देते, साध्या ॲक्सेस पॉइंटला ती पुरते. वीज पुरवणारा इंजेक्टर ओएनटीजवळ यूपीएसवर ठेवला की माजघराचा नगही वीज गेल्यावर चालू राहतो. मात्र काही स्वस्त नग प्रमाणित पीओईऐवजी २४ व्होल्टची साधी पद्धत वापरतात, त्यांना त्यांच्याच खोक्यातला इंजेक्टर लावावा.

तार घेताना निव्वळ तांब्याची घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार कॅट ६ च्या नावाने सर्रास विकली जाते. दुकानातच टोक सोलून एक तंतू चाकूने खरवडावा, आत पांढरा धातू दिसला तर ती तार परत करावी. अशी तार वाकवल्यावर तुटते आणि पीओईवर तापते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवावा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम रूढ आहे. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मध्ये येते, तिथेच हात चुकतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एखादी सुटली की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

जुना राउटर स्लॅबच्या खोलीत अवश्य वापरावा, तो ५ गिगाहर्ट्झचा असेल तर उत्तमच. त्याच्या मांडणीत ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तेवढा निवडावा. नसेल तर ओएनटीला जोडण्यापूर्वीच त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, कारण तोही १९२.१६८.१.१ वापरत असेल तर दोघांचे भांडण लागेल. मग त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावा आणि तार त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या खोबणीत) न घालता लॅन पोर्टात घालावी. पत्ते वाटण्याचे काम घरात एकट्या ओएनटीनेच करायचे. तो १.२ हा पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही, याची सोयही त्याच्या मांडणीत करून ठेवावी.

जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सर्वत्र एकच ठेवावा. कोणत्या नगाला चिकटायचे हे शेवटी मोबाइल ठरवतो, आणि काही मोबाइल ओटीवरचा नग सोडायला तयारच होत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे सर्व नगांची पाठवण्याची शक्ती कमी करणे. हे उलटे वाटते, पण ओटीचा संकेत स्वयंपाकघरात पोचेनासा झाला की मोबाइल आपोआप मागच्या नगाकडे वळतो. २.४ गिगाहर्ट्झवर तिघांना १, ६ आणि ११ हे चॅनेल वाटून द्यावेत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ओटी आणि मागची खोली यांना ३६, माजघराला १४९ दिला तरी चालेल. ८० मेगाहर्ट्झच्या रुंदीतही हे दोन एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि ओटी व मागची खोली यांच्या मधल्या भिंती इथे आपल्या उपयोगी पडतात. रिपीटर कायमचा काढून ठेवावा, नाहीतर घरातला एखादा मोबाइल त्यालाच जाऊन चिकटेल.

पर्यटकांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. खळ्यापलीकडे वेगळा राउटर राउटर म्हणूनच जोडला की ते वेगळे झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे होते. आतल्या राउटरमागचा माणूस बाहेरच्या, म्हणजे आपल्या घराच्या जाळ्यातील उपकरणांपर्यंत पोचू शकतो, आपण मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. घरगुती राउटरमधील पाहुण्यांचे जाळेही ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये पुष्कळदा वेगळेपणा गमावते. व्यावसायिक वापराच्या काही ॲक्सेस पॉइंटमध्ये पाहुण्यांच्या जाळ्यातून घरातल्या खासगी पत्त्यांकडे जाणारी वाहतूक नगावरच अडवण्याची सोय असते. त्या दोन खोल्यांसाठी तसाच नग घ्यावा आणि तिथे घराच्या जाळ्याचे नाव देऊच नये. त्यातच प्रत्येकाला मिळणाऱ्या वेगावर मर्यादाही घालता येते, म्हणजे पाहुण्यांनी रात्री चित्रपट उतरवायला घेतले तरी आपली बैठक अडणार नाही. बसवल्यावर पाहुण्यांच्या जाळ्याला मोबाइल जोडून १९२.१६८.१.१ उघडून पाहावे. ओएनटीचे पान उघडले नाही, तर अडवणूक काम करत आहे.

उत्तर : वीजतंत्री

दोन लहान भर. ओएनटीच्या चार लॅन पोर्टांपैकी अनेकदा एकच गिगाबिटचे असते आणि बाकीची १०० ची. त्या एका पोर्टातून लहान गिगाबिट स्विच काढून माजघर, मागची खोली आणि कन्व्हर्टर या तिन्ही तारा स्विचवरच घ्याव्यात.

आणि कामाचा क्रम. खळ्यातले फायबर आधी उरकावे, कारण मृग लागला की गवंडी, वायरमन आणि केबलवाल्याचा सांधा मारणारा माणूस यांपैकी कोणीच हाती लागत नाही. ते जमिनीखालून न्यायचे असेल तर गडग्यालगत फूटभर चर खणून एचडीपीई नळीतून न्यावे, आणि त्याच नळीत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पुढे तंतू तुटला तर दोरीला बांधून नवी तार ओढता येते, चर पुन्हा उकरावा लागत नाही. माळ्यावरचे काम छपराखालचे आहे, ते पावसातही करता येईल.